उजेडातला सौदा

गुरांच्या बाजारात तुम्ही कधी उभे राहिला असाल, तरी सौदा करणारे हात तुम्हाला दिसले नसतील. ते उपरण्याखाली असतात. आत बोटे दाबून भाव ठरतो आणि बाहेर तोंडे पीकपाण्याचे बोलत राहतात. माळव्यातल्या आमच्या धारच्या बाजारात एक उंच, हाडकुळा माणूस होता. त्याचा हात कुणी उपरण्याखाली ओढला, की तो उपरणेच उचलून बाजूला करायचा आणि म्हणायचा, "उजेडात बोला, भाऊ."

पूर्वी तोही आमच्यासारखाच दलाल. त्याची बोटे माझ्याहून चलाख होती, हे मी कबूल करतो. छपन्याच्या, म्हणजे संवत १९५६च्या दुष्काळात त्याची बायको मिशनच्या दवाखान्यात वाचली. वर्षभरात दोघेही ख्रिस्ती झाले. जातीने पाणी तोडले. त्याने दलाली सोडली आणि भाड्याची गाडी हाकू लागला. पण बाजाराला यायचाच, आणि कुणी विचारले की जनावर पाहून खरे ते सांगायचा. तेही फुकट! आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. रविवारी बाजार भरला तर मात्र तो प्रार्थनेला जायचा. त्या दिवशी आम्ही सगळे दलाल मनापासून त्याच्या देवाचे आभार मानायचो.

माझा बाप संस्थानच्या पागेत लीद काढत असे. एका लंगड्या गाईपासून मी चाळीस जनावरांपर्यंत पोचलो, ते काही खरे बोलून नव्हे. नालछ्याच्या बाजारात माझा पांढरा बैल एका गावच्या पटेलाच्या मनात भरला होता. पटेलाने नेमके यालाच विचारले.

"देखणा आहे," तो म्हणाला. "पण चढ आला की खाली बसतो."

मी त्याची बंडी धरली. "माझ्या पोटावर पाय द्यायला सांगितलंय का तुझ्या येशूनं?"

"बैलाला बोलता येत नाही, भाऊ. म्हणून मी बोललो." मग पटेलाकडे वळून म्हणतो, "घाण्याला मात्र उत्तम चालेल." पटेल काही तेली नव्हता. मी संतापून या गाडीवानाला ढकलले. तो शेणात पडला, उठला, कपडे झटकून निघून गेला.

महिनाभराने कुक्षीला माझ्यावर बालंट आले. माझ्या कळपातला एक तांबडा बैल आपल्या गोठ्यातून चोरीला गेलेला आहे, असे तिथल्या एका जमीनदाराने सांगितले. मला निवाड्यासाठी संस्थानच्या कमाविसदारांपुढे उभे केले. माझ्या तीन दलाल मित्रांनी देवाची शपथ घेतली. कमाविसदार नुसते हसले. दलालाची शपथ! तुरुंग समोर दिसत होता. तोच दारात हा उभा. बातमी ऐकून धारहून चालत आला होता. शेणातला तो दिवस मला आठवला.

"हा बैल यांनी धारच्या बाजारात घेतला, सरकार," तो म्हणाला. "विकणाऱ्याच्या गोठ्यात वासरू असल्यापासून मी तो पाहिलाय. हे भाऊ खोटं बोलतात. वय लपवतात, खोड लपवतात. पण चोर नाहीत."

सगळी कचेरी हसली. मी सुटलो.

परतताना मी त्याच्यावर ओरडलो, "पहिलं वाक्य पुरे नव्हतं का रे?"

"दुसरं सांगितलं म्हणून तर त्यांनी पहिलं मानलं, भाऊ," तो शांतपणे म्हणाला आणि आपल्या भाकरीतली अर्धी माझ्यापुढे केली. मी ती रागारागाने खाल्ली.

पुढे तो मुलीकडे देवासला राहायला निघाला. शेवटच्या बाजारात शेतकऱ्यांनी त्याला घेरले. "अब किससे पूछें, भिया?"

त्याने सरळ माझ्याकडे बोट केले. "यांना विचारा. माझ्यापेक्षा जास्त कळतं यांना."

"मला विचारलंस का आधी?" मी ओरडलो. तो हसला आणि गाडीत चढला.

पुढच्याच बाजारात एक म्हातारा शेतकरी पसंत केलेला बैल दाखवायला माझ्याकडे घेऊन आला. बैल माझाच होता. माझा मेहुणा विकत होता. म्हाताऱ्याला ते ठाऊक नव्हते. त्याने बैलाचे तोंड उघडले, पण बघत होता माझ्या तोंडाकडे.

"कैसा है, भिया?"

मी पुष्कळ वेळ खाकरलो. "बुढ्ढा है," शेवटी म्हणालो. "दोन हंगाम ओढेल, फार तर."

"दाजी, बैल आपला आहे!" मेहुणा किंचाळला.

म्हाताऱ्याने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. कासरा मेहुण्याच्या हातात देऊन तो माझ्याजवळ उकिडवा बसला. "तुम बताओ वो ले लूँगा."

जन्मभर घसा फोडून मी बैल विकले. असे मला कुणी कधी म्हटले नव्हते.

वर्षभरात तो गाडीवान देवासला वारला. न विचारता हे काम माझ्या गळ्यात घातल्याबद्दल त्याच्याशी भांडायचे राहूनच गेले. दर बाजाराला चार-पाच जण जनावरांची तोंडे उघडून माझ्यासमोर उभे असतात.