सतरावं गाव

रोज सकाळी आठ वाजता आमच्या मागच्या कुंपणावर दोनदा टकटक व्हायची. मी चहाचा कप आणि वही घेऊन अंगणात जायची. फळ्यांच्या कुंपणावरून एक लोकरीची टोपी वर यायची, खाली मास्क आणि मधे दोन निळे डोळे. "तयार?" तो विचारायचा. मी हो म्हटलं की डोळे मिटून सुरू. "लिपोवो. बोर्की. प्यास्की. दोंब्रोवा." अशी सतरा गावं. प्रत्येक नावाला मी वहीत बरोबरची खूण करायची. शेवटी तो विचारायचा, "किती?" मी म्हणायची, "सतरा." मग तो पोलिशमध्ये "पोझोंदेक" म्हणायचा, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे, आणि घरात निघून जायचा. गुड मॉर्निंग, हाऊ आर यू, असली भानगड नाही.

मेलबर्नच्या सेंट अल्बन्स भागात भाड्याचं घर घेतलं तेव्हा शेजारी कोण हे आम्ही बघितलंच नव्हतं. तुम्हीही बघत नाही, ट्रेन स्टेशन किती लांब आहे तेवढं बघता. पहिल्याच आठवड्यात त्याने आमचा पिवळ्या झाकणाचा रिसायकलिंगचा बिन उघडून त्यातली प्लास्टिकची पिशवी काढली आणि आमच्या दारात आणून ठेवली. वर चिठ्ठी, 'इथे नाही'. माझा नवरा म्हणाला, "हा मागच्या जन्मी तलाठी होता." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव तलाठी.

खरं निघालं ते याच जन्मातलं. तो पोलंडमध्ये ग्मीनाच्या कचेरीत कारकून होता. ग्मीना म्हणजे आपल्याकडच्या पंधरा-वीस ग्रामपंचायती एका कचेरीखाली बांधल्या आहेत असं समजा. प्रत्येक गावाला निवडून दिलेला एक सोउतिस, म्हणजे आपला पाटील. वर पोव्यात, म्हणजे तालुका म्हणा. कोण कुठल्या गावात राहायला आलं, कोण गेलं, कोण जन्मलं, कोण मेलं, ते लिहायचं काम ह्याचं. माझे बाबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. त्यामुळे हे सगळं मला पहिल्या दिवशी कळलं, आणि त्यालाही मी कळले. ह्या देशात माझ्याशी सातबाऱ्याबद्दल अर्धा तास बोललेला तो एकटाच माणूस.

एकदा त्याने पिझ्झाच्या खोक्यावर सगळी ग्मीना काढून दाखवली. मधून एक सुस्त नदी. दक्षिणेला काळी जमीन, तिथं साखरेचं बीट. उत्तरेला वाळू, बटाटे आणि पाइनचं जंगल. पूल एकच, कचेरीजवळ. आठ गावं ह्या तीरावर, आठ त्या तीरावर, आणि सतरावं झालेशे. हे पार जंगलापलीकडे, नदीच्या वळणात अडकलेलं. तिथं गाडीने जायचं तर शेजारच्या ग्मीनामधून वळसा घालून जावं लागे. त्यामुळे कचेरी झालेशेला नेहमी विसरायची. रस्ता दुरुस्तीत विसरायची, बर्फ काढायच्या गाडीत विसरायची, एकदा तर मतपेटीच विसरली. हा जन्मला झालेशेत. नोकरीला लागला त्या दिवशी त्याने ठरवलं की यादी म्हणताना झालेशे शेवटी म्हणायचं, आणि मोठ्याने. माझ्या अंगणातही तो ते मोठ्यानेच म्हणायचा. आमच्या झाडावरचा मॅगपाय उडून जायचा.

आता ही परीक्षा का, ते सांगते. लॉकडाउनच्या आधी डॉक्टरने त्याची स्मरणशक्ती तपासली. पंतप्रधान कोण, हे त्याला सांगता आलं नाही. "ह्या देशात तो सारखा बदलतो, मी कशाला लक्षात ठेवू?" तो मला म्हणाला. त्याची मुलगी पर्थला. ती घाबरली, नर्सिंग होमचं, म्हणजे वृद्धाश्रमाचं बोलायला लागली. तेव्हा बापलेकीत करार झाला. रोज सतरा गावं म्हणायची, शेजारणीने वहीत खुणा करायच्या. ज्या दिवशी सोळा होतील त्या दिवशी घर सोडायचं. दर रविवारी मुलगी मला फोन करायची. "सतरा?" "सतरा." "थँक यू." "नो वरीज."

ह्या शेवटच्या शब्दांचा त्याला भयंकर तिटकारा. "ह्या देशात कागद हरवला की नो वरीज म्हणतात," तो म्हणायचा.

कागदावर त्याची श्रद्धा किती, ते बघा. त्याच्या कचेरीत एक शेतकरी आला, पेन्शन बंद झाली म्हणून. रजिस्टर उघडलं तर तो मेलेला. कुणीतरी चुकून नोंद केली होती. "माणूस माझ्यासमोर उभा," तलाठी सांगत होता, "टोपी हातात धरून. पण रजिस्टरमध्ये मेलेला. मी काय करणार? म्हटलं, कोर्टातून जिवंत होऊन ये." दोन वर्षं तो शेतकरी मेलेला राहिला. हे सांगताना त्याला जराही वाईट वाटत नव्हतं, उलट अभिमानच होता. मी पोट धरून हसले. बाबांच्या कचेरीतही असा एक होता.

त्या हिवाळ्यात मेलबर्न पुन्हा बंद झालं. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. त्यात माझ्या धाकट्या भावाला ट्रुगानिना उपनगरात मुलगी झाली. विमानं बंद, आईबाबा पुण्यात. भावजयीचं बाळंतपण तिच्या नवऱ्याने यूट्यूब बघून केलं. बारसं जवळ आलं तशी ती फोनवर म्हणाली, "ताई, नाव तरी नीट ठेवू या ना. आत्या तुम्ही एकट्याच आहात." ह्यावर मी नाही कशी म्हणणार? म्हटलं, गाडी सरळ गॅरेजमध्ये घाला, तासाभराने जा. नियम मोडला, हो, मोडला.

रविवारी अकरा वाजता. पुण्यात साडेसहा. आईबाबा आंघोळी करून स्क्रीनसमोर बसलेले, आईने नवी साडी नेसलेली. लाँड्रीच्या बास्केटला मी झेंडू लावून पाळणा केला होता. मी बाळाच्या कानाशी वाकले, "कुर्र" म्हणणार तेवढ्यात बेल वाजली. दोन पोलीस. सभ्य होते, मेट मेट, म्हणजे मित्रा मित्रा करत होते. पण सगळ्यांना बाहेर काढलं. बारा दिवसांची बाळंतीण तान्ह्या पोरीला घेऊन ड्राइव्हवेत वाऱ्यात उभी, आणि पोलीस नावं लिहून घेतोय. आत स्क्रीनवर आई विचारत होती, "काय झालं गं? कोण आलंय?" पुढे भावाने जन्मदाखल्यावर नाव घातलं. कानात ते कुणीच सांगितलं नाही. भावजय त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता टकटक.

"काल तुमच्या घरात तीन माणसं जास्त होती," त्याने आधी हे सांगितलं. "दोन मोठी, एक लहान. मी फोन केला. तयार?"

म्हणजे तो लपवतही नव्हता. चोराने चोरी करून वर पावती द्यावी तसं. मी म्हटलं, "तयार." सतरा खुणा केल्या.

पुढे जे केलं ते रागाच्या भरात केलं, असं म्हणायची सोय मला नाही. चार दिवस मी खुणा केल्या, चार दिवस "सतरा" म्हणून हसले. भांडी घासताना, मीटिंगमध्ये म्यूटवर बसून मी एकच विचार करत होते की ह्याला लागेल कुठे. अव्वल कारकुनाची मुलगी आहे मी. कारकुनाला कुठे लागतं हे मला कुणी शिकवायला नको.

पाचव्या दिवशी त्याने यादी म्हटली. झालेशे मोठ्याने म्हटलं. मॅगपाय उडाला. मी पेन वरच धरलं.

"किती?"

"सोळा."

डोळे उघडले. "कुठलं?"

"झालेशे."

"मी म्हणालो."

"नाही म्हणालात." मी वही कुंपणावरून त्याच्यासमोर धरली. सोळा खुणा आणि शेवटचं घर रिकामं. त्याने वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर. मला वाटलं भांडेल, ओरडेल. मला तेच हवं होतं. म्हाताऱ्याने फक्त मान हलवली.

"लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे नाही म्हणालो."

खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला. वाटलं, आज दिवसभर जळू दे, उद्या सांगून टाकू.

दुसऱ्या दिवशी टकटक झालीच नाही. तिसऱ्या दिवशी मी पुढच्या दाराने गेले, तर हा सूट-टाय घालून फाटकात उभा, पायाशी एक बॅग. सोळा झाली त्याच सकाळी त्याने मुलीला स्वतः फोन केला होता. एका नर्सिंग होममध्ये खोली रिकामी झाली होती. त्या दिवसांत नर्सिंग होममधली खोली कशी रिकामी झाली, हे कुणी विचारत नव्हतं.

"दुसरं कुणी असतं तर दयेपोटी सतरा म्हणालं असतं," तो मला म्हणाला. "तुम्ही खरं लिहिलंत. पोझोंदेक."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. तो बॅग उचलून आत गेला असता, मला माहीत होतं. मला ड्राइव्हवेतला भावजयीचा चेहरा आठवला आणि मी गप्प बसले. टॅक्सी आली. मी बॅग उचलून दिली.

दहाएक दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. तिथं कुणाला भेटायला जाता येत नव्हतं, एका नर्सने त्याला फोन लावून दिला होता. "तयार?" आवाज बसलेला. मी वही शोधली. त्याने सगळी गावं म्हटली. झालेशे म्हणताना पूर्वीसारखा जोर नव्हता, पण म्हटलं.

"किती?"

"सतरा," मी म्हटलं. "आणि त्या दिवशीही सतराच होती. मी खोटं बोलले. मला तुमचा राग आला होता. तुम्ही झालेशे म्हणाला होतात, मी मुद्दाम खूण केली नाही. ऐकताय ना? घरी या तुम्ही."

तिकडे बराच वेळ कुणीतरी खोकत होतं. तो की दुसरं कुणी, कळलं नाही.

"वहीत काय आहे?" त्याने विचारलं.

"वहीचं सोडा हो, मी सांगतेय ना—"

"वहीत काय आहे?"

"रिकामं आहे."

"मग?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. टोपी हातात धरून समोर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याशी तो असाच बोलला असेल. "तुमचं मन आता मऊ झालंय. मऊ मनाने नोंद बदलायची नसते."

पुढच्या आठवड्यात त्या होममध्ये कोविड शिरला. पहिले सात गेले, त्यांत तो. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, आली चार. मुलीला पर्थहून राज्याची सीमा ओलांडता आली नाही, तिने स्क्रीनवर बघितलं. मीही माझ्या किचनमधून स्क्रीनवरच. पाच किलोमीटरच्या बाहेर होतं ना ते.

त्या रविवारी सवयीने तिचा फोन आला. घराच्या किल्ल्या, बिन, झाडांना पाणी असं बोलून झालं. मग ती म्हणाली, "एक विचारू? त्यांचं कुठलं गाव राहिलं होतं?"

मी म्हटलं, "झालेशे."

ती रडायला लागली. तिच्याजवळ वही नव्हती. मी जे सांगितलं असतं त्यावर तिने विश्वास ठेवला असता.

"तिथं जन्मले होते ते," ती म्हणाली. "बाकी कुठलंही विसरले असते तर मी म्हटलं असतं, चूक झाली, राहू दे घरीच. रोज तोच विचार करतेय, मी घाई केली का, मी मारलं का त्यांना. पण झालेशेच विसरले, म्हणजे खरंच वेळ आली होती ना?"

"हो," मी म्हटलं.

"थँक यू. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून."

"नो वरीज," मी म्हटलं.