धावता काटा

दौंड स्टेशनामागं राहणाऱ्या त्या निवृत्त गार्डांना सगळे आबा म्हणत. गोरे साहेब विलायतेला परतले, तेव्हा त्यांची सोन्याची खिशातली घड्याळं आबांनी पोटाला चिमटा घेऊन विकत घेतली होती. त्यातलं एक फार लाडकं. कळ दाबली की त्यातला जादा काटा धावायचा, पुन्हा दाबली की थांबायचा. मी भेटायला गेलो की ते कळ दाबत आणि मी उठलो की सुनावत, "मास्तर, आज बाराच मिन्टं बसला." मी वैतागायचो.

एकदा "उद्या येतो" म्हणून जो गेलो, तो महिन्यानं उगवलो. आबा एकटेच, हातात तेच घड्याळ, काटा धावतोय.

"आता कुणाचं मोजताय?"

"तुमचंच. उद्या येतो म्हनला, तवा कळ दाबली. रोज चावी देतुया."

मी बसलो, तेव्हा कुठं त्यांनी काटा थांबवला.