चाचीनं तपासलेली दुधाची दाढ

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतात. शाळा चौथीतच सुटली. त्याची आधीच माफी मागते. पण आमच्या बांगडीवाल्या चाचीइतकं संशयी माणूस अख्ख्या मंगरूळपीरात सापडणार नाही, हे मी खात्रीनं लिहू शकते. एसटीत चढण्याआधी ती ड्रायव्हरला विचारणार, "काहून भाऊ, झोप झाली ना बराबर?" तो नुसता हसला तर ती गाडी सोडून देते. इंझोरीच्या एका लग्नाला ती अशीच पंगती उठल्यावर पोचली होती. कलिंगडवाल्यानं पहिली फोड स्वतः खाऊन दाखवायची. बांगडीच्या आतून बोट फिरवल्याशिवाय ती कोणाच्या हातात बांगडी भरत नाही, आणि एवढं करून गिऱ्हाइकाला म्हणते, "काच हाये बाई, ग्यारंटी कायची?"

मी तिच्या उलट. कोणाला काही विचारायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. माझी पोरगी पहिलीत असताना तिची दाढ किडून गाल सुजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रूट कॅनाल करून दुधाची दाढ वाचवू. मी मान हलवून घरी आले. सासूबाई कडाडल्या, "पडणाऱ्या दाताले औषध कायले? खालच्या पक्क्या दातात उतरलं तं?" तीच भीती मलाही होती, पण विचारणार कोण? चाचीच्या कानावर गेलं आणि ती बुरखा चढवून दारात उभी. "चाल, आपण इचारू."

दवाखान्यात ती सरळ खुर्चीतच जाऊन बसली. "पह्यले माह्या दाताले करून दाखव."

"चाची, तुमचे दुधाचे दात आता कुठून आणू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गाल सुजलेली माझी पोरगी खुदकन हसली. चाची उठली नाही. "दातात भरतं थे काय? खालच्या दाताले बाधन का?"

बाईंनी नीट सांगितलं. मोठ्यांच्या दातात भरतात ते रबरासारखं असतं, तसंच राहतं. पोरांच्या दातात विरघळणारी पेस्ट भरतात. दुधाच्या दाताची मुळं झिजतात तशी तीही विरते, पक्क्या दाताची वाट अडत नाही. दाढ आत्ताच काढली तर बाजूच्या दाढा सरकतात आणि पक्कीला जागा उरत नाही.

"मंग नक्की बरं होईन?"

"बहुतेक होतं. पण शब्द देत नाही. सूज परत आली तर काढावीच लागेल, नाहीतर खालच्या दाताला त्रास. दाखवायला आणत राहा."

मी पोरीला जवळ ओढलं. चाची मात्र लगेच खाली उतरली. "ग्यारंटी देत नाही, मंजे सांभाळून करन. बसव पोरीले."

पोरीनं तोंड घट्ट मिटलं. लहान मापाची बांगडी चढवताना करते तसं चाचीनं तिचा पंजा हातात घेऊन दाबायला सुरुवात केली. "ढिल्ला सोड माय, ढिल्ला..." हात सैल पडला आणि त्याच्याबरोबर जबडाही.

दाढेवर चांदीसारखी टोपी बसली. पुढं चाची भर चौकात पोरीला थांबवून "आ कर" म्हणायची. पोरगी लाजून लाल व्हायची. पण सूज परत आली नाही.

आता चाचीला कमी दिसतं. दुकान बंद करून ती कारंज्याला लेकीकडे राहते. परवा ती दाढ टोपीसकट आपसूक पडली. खाली पक्क्या दाढेची पांढरी कड दिसते आहे. सासूबाई म्हणाल्या, "दे फेकून छपराच्या कवेलूवर." पोरगी ऐकेना. तिनं दाढ कागदात बांधून ठेवली आहे.

"चाची ईदले येईन ना. तिनं पाह्यल्याबिगर कशी टाकू?"

ईदेला अजून बराच वेळ आहे.