दाजी आणि पिंपळदरा खुर्द

दोन संगणकांना एकमेकांशी बोलायला लावणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. लातूर जिल्हा तेव्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. गावांची सगळी माहिती नांदेडच्या कचेरीतल्या कपाटाएवढ्या संगणकात आणि टँकरची यादी करायची लातूरला, दाजी आणि मी काम करायचो त्या टेबलावरच्या छोट्या संगणकात. मध्ये तार नव्हती, दाजी होते. फ्लॉपीला ऊन लागू नये म्हणून ती पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळून, डब्यात ठेवून ते एसटीने आणत. शेजारी कुणी दाटीने बसलं की म्हणत, "जरा सरका, डब्यात अख्खा तालुका हाय."

संगणकासमोर ते चपला काढून बसत आणि त्याच्याशी मोठ्याने बोलत. "नांदेडचा थोरला हाय, त्याचं ऐकून घ्यावं लागतंय. ह्याला समजावून सांगावं लागतंय," असा त्यांचा हिशेब. पण खरी तऱ्हा वेगळीच. एका संगणकातून दुसऱ्यात आलेली यादी ते बाजारात वाचून दाखवल्याशिवाय खरी मानत नसत. दाजींनी नाव वाचायचं, त्या गावच्या कुणीतरी "हाय" म्हणायचं, मग मी खूण करायची. कचेरीत सगळे हसत. मलाही लाज वाटे.

टँकर सुटायच्या आदल्या दिवशी आम्ही निलंग्याच्या बाजारात होतो. दाजींनी "पिंपळदरा" वाचलं आणि दोघांनी "हाय" म्हटलं, एका पटकेवाल्याने आणि एका म्हातारीने.

"त्ये बुद्रुकचे," म्हातारी म्हणाली. "आमी खुर्दचे. आमचं पानी कुटं हाय?"

दाजी शेंगांच्या पोत्यावर बसलेच. नांदेडच्या संगणकात नावाला जागा थोडी, त्यामुळे बुद्रुक आणि खुर्द दोन्ही तुटून नुसतं पिंपळदराच उरलं होतं. आणि एकच नाव दोनदा दिसलं तर एक गाळायचं, हे आमच्या संगणकाला दाजींनीच शिकवलं होतं.

मी हळूच म्हटलं, "दाजी, नांदेडहूनच नाव अर्धं आलंय."

"गाळलं कुनी? म्या."

त्यांनी तिथेच पेनने खुर्द लिहिलं, कचेरीत जाऊन साहेबांची सही आणली आणि दुसऱ्या दिवशी टँकरच्या ड्रायव्हरशेजारी बसून खुर्दला गेले. मीही गेलो. घागरींची रांग लागली, तेव्हा दाजी त्या म्हातारीपुढे हात जोडून उभे राहिले.

"आजी, चूक माझी हाय. तुमचं गाव माझ्याच हातनं गेलतं."

"असू द्या," ती म्हणाली. "आलाव न्हवं." आणि तिने पहिला तांब्या त्यांच्यापुढे धरला. दाजींनी तो शेजारच्या लेकुरवाळीच्या घागरीत ओतला.

त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. परतीच्या वाटेवर सांगावं, असं सारखं मनात येत होतं. पण मेव्हण्याने दाजींना असलं काही कसं म्हणायचं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो. आता दाजी नाहीत, आणि ते सांगायचं राहूनच गेलं.