अंबरनाथला काहीच झालं नाही

मुलीच्या शाळेने एक हजार सहासष्ट साल भिंतीवर मांडायचं ठरवलं आणि इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या घरातली शांतता संपली. त्या एका वर्षात जगात कुठे काय घडलं, ते प्रत्येकाने कार्डावर लिहायचं आणि खाली 'हे कुठून कळलं' तेही द्यायचं. इंग्लंडची चंगळच होती. एका वर्षात तीन राजे, शिवाय लढाया. वर्गातल्या चिनी मैत्रिणीला शेंडीवाला तारा मिळाला, कारण तिकडच्या लोकांनी त्याची रीतसर नोंद ठेवली होती. आमच्या नऊ वर्षांच्या बाईसाहेब मात्र हात हलवत घरी आल्या.

"आई, आपल्याकडे काहीच नाही झाला? मिस म्हणाली, दुसरा कंट्री घेतला तरी इट्स फाइन."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दुसरा देश कशाला? आपल्याकडे इतिहास पोत्याने पडलाय!" असं ठणकावून मी लॅपटॉप उघडला. दोन दिवस शोधलं. आधीचं सापडे, नंतरचं सापडे, नेमकं तेवढंच साल सापडेना.

सासरे तेव्हा अंबरनाथहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि पंधरा दिवसांतच कंटाळले होते. "माझा इथे काय उपयोग? तिकीट जरा अलीकडचं मिळतं का बघ," हे रोज चहाबरोबर यायचं. गुरुवारी सोफ्यावरून ते म्हणाले, "अगं, आमच्या शिवमंदिरात शिलालेख आहे की. शके नऊशे ब्याऐंशी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! इसवी सन काढायला मी घाईघाईने अठ्ठ्याहत्तर मिळवले. एक हजार साठ. सहा वर्षं कमी पडली.

"बाबा, सहा वर्षांनी कोणाचं काय बिघडतंय? सहासष्टच लिहू या."

सासऱ्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. ते ताठ बसले. "दगडात कोरलंय ते. तू कार्डावर बदलणार?"

मला राग आला आणि खरं सांगते, लाजही वाटली. मुलगी तर रडायलाच लागली, कारण कार्ड दुसऱ्याच दिवशी लागणार होतं. सासऱ्यांनी तिला जवळ बसवलं.

"सहासष्ट साली देऊळ किती वर्षांचं होतं?"

"सिक्स."

"म्हणजे कोरं करकरीत. मग झालं तर."

"आणि आबा, तो स्टार तिकडे पण दिसला?"

"आभाळ काय वेगळं होतं? दिसला असेल. पण 'असेल'च लिही हं."

मग तिने दार लावून एकटीनेच कार्ड लिहिलं.

शुक्रवारी आम्ही शाळेच्या हॉलमध्ये गेलो. लढाया आणि राजे यांच्या गर्दीत तिचं कार्ड होतं. मराठीत सांगायचं तर मजकूर असा: 'अंबरनाथ. यंदा इथे काय झालं ते आम्हाला माहीत नाही. देऊळ सहा वर्षांचं आहे. शेंडीवाला तारा बहुतेक इथूनही दिसला असेल.' वाचणारे पालक हसत होते आणि पुन्हा वाचत होते. मीही हसले. मग खालची ओळ पाहिली. बाकीच्यांनी तिथे वेबसाइट नाहीतर लायब्ररीतलं पुस्तक लिहिलं होतं. हिने लिहिलं होतं, 'माझे आजोबा'.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेवढ्यात मिसनेच विचारलं, "ते आजोबा तुम्हीच का?" त्यांनी कोटाची बटणं लावली आणि पाऊण तास जमलेल्यांना शके म्हणजे काय ते समजावलं. चहा गार झाला.

परतताना गाडीत ते मागून म्हणाले, "ते तिकीट आहे त्याच तारखेचं राहू दे. हिचे भागाकार कच्चे आहेत."