इतिहासाचं शेवटचं उत्तर

शाळेत तिला सगळे मोती म्हणायचे. अक्षर मोत्यासारखं म्हणून. पण कुत्र्याचंही हेच नाव असतं हे थोरल्या भावाने घरभर करून सोडलं, आणि ती चिडली की तो मुद्दाम 'यू यू' करून बोलवायचा. पुढे तिला दवाखान्यात केसपेपर लिहायची नोकरी लागली. डॉक्टरांचं अक्षर कसं असतं ते काय सांगायचं! तिथे मोतीला चांगलाच भाव होता.

अंध मुलांना परीक्षेत लेखनिक लागतो. मूल तोंडी उत्तर सांगणार, तो उतरवून घेणार. मोती त्यासाठी रजा टाकून जायची, चहासुद्धा पदरचा प्यायची. म्हणून तिच्या शाळेने समाजसेवेबद्दलचा माजी विद्यार्थिनी पुरस्कार यंदा तिला द्यायचा ठरवला. वहिनी तर भेटेल त्याला सांगत सुटली. मोती मात्र धास्तावली, कारण मुख्याध्यापिका फोनवर म्हणाल्या, "तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायला एका मुलीला बोलावलंय. तुम्ही तिचे पेपर लिहिले होते. आता एका ऑफिसात फोन घेते."

झाली ना पंचाईत! इतकी पोरं सोडून नेमकी हीच.

त्याचं असं झालं होतं. इतिहासाचा पेपर, शेवटचं उत्तर. पोर रंगात येऊन एकेक मुद्दा सांगत होती, आणि आमच्या बाईसाहेबांचं लक्ष खिडकीबाहेर. पडद्यांचा सेल लागला होता, वहिनी फाटकाशी ताटकळत उभी होती. मोतीने चार ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. "सगळं लिहिलंत ना? वाचून दाखवता?" पोरीने विचारलं. तर या बयेने न लिहिलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. पडद्यांसाठी, बोला आता! इतिहासाच्या मार्कांपायी पोरीचा वकिलीचा प्रवेश अगदी थोडक्यात हुकला. ते कळलं त्या दिवसापासून मोतीला स्वतःची लाज वाटत आली होती, पण सांगायचा धीर काही होत नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी दोघींना चित्रकलेच्या वर्गात बसवलं होतं. शेजारच्या हॉलमध्ये माइकवाला 'हॅलो, हॅलो' करत होता. हिच्या तोंडून कौतुक ऐकून घ्यायचं म्हणजे निर्लज्जपणाची हद्द झाली, असं मोतीला वाटलं. तिने एकदाची जीभ रेटली.

"तुला एक सांगायचंय. इतिहासाचं शेवटचं उत्तर मी पुरतं लिहिलंच नव्हतं गं."

पोर म्हणाली, "माहीत आहे, मावशी. पेनाचा आवाज केव्हाच थांबला होता. तुम्ही नुसत्याच बोलत होतात."

मोतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस? वर्गात देखरेखीला बाई होत्या ना."

"दुसऱ्या दिवशी भूगोल होता. तुम्ही रागावून आलाच नसतात तर?"

मोतीने पदराने डोळे पुसले. "आज सांगते सगळ्यांसमोर. नको मला तो पुरस्कार."

"नको, मावशी," पोर घाईने म्हणाली. तिने हात पुढे करून मोतीचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं. "पुढच्या महिन्यात वकिलीच्या प्रवेशासाठी परत परीक्षा देतेय मी. लेखनिक म्हणून तुमचंच नाव दिलंय. तुम्हाला बंदी घातली तर आयत्या वेळी मी कुठे जाऊ?"

तेवढ्यात शिपाई बोलवायला आला.

पोर छान बोलली. मावशी नसत्या तर मी एकही पेपर देऊ शकले नसते म्हणाली, असं माणूस शोधून सापडायचं नाही म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला, पहिल्या रांगेत वहिनी हुंदके देत होती. मोती उठून पुरस्कार घ्यायला गेली. पोरीच्या त्या बोलण्यात माया किती आणि पुढच्या पेपरची धास्ती किती, हे आता तिला जन्मात कळणार नव्हतं.