रेश्माचे वाकडे खिळे

कुंडलिक माझा धाकटा दीर. सासूबाई गेल्या तेव्हा तो आठ वर्षांचा, त्याला न्हाऊ-माखू मीच घातलं. म्हणून अजून अरे-तुरे करते आणि वेळ आली की झापतेही. आमी काही जातीचे सुतार नाय. भाताची शेती आमची. पण याचा हात लाकडावर बसलेला. किन्हवलीच्या आसपास कुणाला दार-खिडकी करायची असली की कुंडलिकला बोलावणं यायचं. फळीवर रंधा मारला की दहा वेळा हात फिरवून बघणार, कुठं खरखर लागली की परत मारणार. लग्नाचं मात्र पस्तिशी आली तरी नाव नाय. मुलगी सुचवली की म्हणायचा, "वयनी, आता काम हाय, नंतर बघू." काम कसलं, लाजत होता मेला.

शेवटी सत्त्याण्णव साली वैशाखात त्यानं मालूशी लग्न केलं. मालू डोळखांबकडची. नवरा रामू ट्रॅक्टर उलटून गेला, पदरात पाच वर्षांची रेश्मा. विधवेचं दुसरं लग्न आमच्यात होतं, त्यात नवल नाय. पण पहिल्या घरचं पोर पहिल्या घरीच ठेवायची रीत. कुंडलिक मात्र अडून बसला, "आई येणार तर पोरगी पण येणार." त्यावर गिरजाबाई, म्हणजे मालूची पहिली सासू, ऐकायला तयार नाय. तिला तरी नावं कशी ठेवू? गेलेल्या लेकाचं तेवढंच तिच्याजवळ उरलेलं. मग चार माणसांत बसून ठरलं की दिवाळीपर्यंत पोरगी आईपाशी राहील. रुळली तर ठीक, नाय तर आजी येऊन घेऊन जाईल.

आणि रेश्मा काही रुळेना. कुंडलिक घरात आला की ही मालूच्या पदरामागं. त्यानं आणलेला खाऊ ओट्यावर पडून राहायचा, मुंग्या लागायच्या. त्याच्याशी एक शब्द नाय. पाणी सांडलं तरी "आई, त्याला सांग" म्हणणार. मालू चुलीपुढं बसून रडायची. पोरगी गेली असती तर मालूचा जीव पण इथं राहिला नसता. हे मला दिसत होतं आणि कुंडलिकला तर माझ्याआधी.

लावणी उरकली तसा तो पडवीत कामाला बसायला लागला. रंध्यातून लाकडाच्या कुरळ्या साली निघायच्या, त्या गोळा करायला रेश्मा हळूच यायची आणि पळायची. कुंडलिकनं बघून न बघितल्यासारखं केलं. जन्मात एवढी अक्कल त्यानं पहिल्यांदा दाखवली. मग एका हातोडीचा दांडा कापून आखूड केला आणि ती तशीच तिच्या वाटेत ठेवून दिली. त्यानं फांदीच्या चकत्या कापल्या, तिनं पॉलिशपेपरनं घासल्या, चाकाची गाडी झाली. ती गाडी दोरीनं ओढत पोरगी अंगणभर फिरली. बोलली मात्र नाय.

मग त्यांनी स्टूल करायला घेतलं. फळांच्या खोक्याच्या, आंब्याच्या लाकडाच्या फळ्या, खिळा सहज जातो. बसायच्या फळ्या जोडायला रेश्मानं बारा खिळे ठोकले, त्यातले नऊ वाकडे. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली आणि आमच्या शहाण्यानं पकड घेऊन ते नऊच्या नऊ उपटले, नवे ठोकले, वर पॉलिशपेपरही घासला. शीळ घालत करत होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पोरगी आली, फळीवरून हात फिरवला आणि आईला म्हणाली, "माझे खिळे कुठं गेले?" झालं. पडवीची पायरी चढायची बंद.

माझं डोकं फिरलं. "सरपंचाचा दरवाजा करत होतास का रे?" मी म्हटलं. "तिला काय कळलं सांगू? आपलं काही या घरात चालत नाय, एवढंच कळलं."

"वयनी, वाकडे होते ते," तो म्हणाला. एवढा मोठा बाप्या, पण तोंड लहान पोरासारखं झालेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपले सगळे खिळे काढले, फळ्या सुट्या करून आखूड हातोडीजवळ ठेवल्या आणि पाठ करून आपलं काम करत बसला. असे पंधरा दिवस गेले. दसरा झाला. मग एका दुपारी त्याच्या पाठीमागं ठकठक सुरू झाली. यानं मान वळवली नाय. थोड्या वेळानं आवाज आला, "धर." त्याला उद्देशून तिचा तो पहिला शब्द. त्यानं फळी धरली. हातोडी सरळ त्याच्या अंगठ्यावर बसली, नख काळंनिळं झालं, पण फळी सोडली नाय. समोर खिळा वाकायचा आणि याला घाम फुटायचा. मला हसू यायचं.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी गिरजाबाई आली. ओट्यावरच बसली. चहा नको, पाणी नको. "पोरीचे कपडे भरा, चारची गाडी धरायची हाय," म्हणाली. मालू आत पिशवी भरायला गेली. मी गिरजाबाईला चार शब्द सुनावायचे ठरवून आले होते, पण तिचे सुकलेले ओठ बघितले आणि पाण्याचा तांब्या परत तिच्यापुढं सरकवला.

कुंडलिक पडवीत गेला. स्टुलाचे तीन पाय लागले होते, चौथा रेश्माच्या हातात. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजी आलीय, बाय. तू जा. एकच पाय उरलाय, तो मी ठोकतो आणि स्टूल तुला डोळखांबला आणून देतो." असं म्हणत त्यानं त्या पायाला हात घातला.

"तू नाय ठोकायचा," रेश्मा म्हणाली. "तू सरळ करतोस."

गिरजाबाई पडवीच्या दारात येऊन उभी होती. "चल गो बाय, गाडी जाईल."

"मला काम हाय."

"मग मी एकटी जाऊ?"

रेश्मानं थोडा विचार केला. "नको. तू हा पाय धर. आज याचा हात हलतोय."

खरंच हलत होता. म्हातारी खाली बसली, पाय घट्ट धरला. रेश्मानं खिळा ठोकला, तो आडवा गेला. कुंडलिकनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. गिरजाबाईनं ते बघितलं. मग कितीतरी वेळ ती नातीच्या तोंडाकडंच बघत राहिली.

"माझा रामू पण असाच," ती म्हणाली. "हातात काम असलं की हाका मारून माझा घसा सुकायचा. यायचा नाय." आणि स्टुलाचा पाय न सोडता आत हाक दिली, "मालू, पोरीचे कपडे पिशवीतून काढून ठेव गो. ती इथंच राहील."

मालू आत मोठ्यानं रडायला लागली. मी तिला गप्प केली नाय.